आमचा बँड बंद करण्याबाबत

जेसल पार्क, भाईंदर (पूर्व)
डिसेंबर १९९४

प्रिय वासंतीताई,

नमस्कार. नाशिकला थंडी पडली असेल, तेव्हा आधी गुडघ्यांवर शाल घे आणि मग पत्र वाच. भाऊजींची शुगर आणि स्वभाव दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. (पहिल्यावर निदान गोळी तरी मिळते.) इकडे नळाला पाणी एक दिवसाआड येते, मी मात्र रोज थकते.

तू आमच्या बँडची चौकशी केलीस. तो मी बंद करते आहे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आपल्याला गिटारवर अमेरिकेतली गावाकडची गाणी शिकवायच्या, आठवते? घोडे, धुळीचे रस्ते आणि पळून गेलेले नवरे. तीच गाणी घेऊन सहा वर्षांपूर्वी आम्ही चौघी उभ्या राहिलो. गिटारवर मी, ढोलकीवर शेजारची आशा (ड्रम आणले होते, ते जिन्यात वळेनात), पेटीवर खालच्या मजल्यावरच्या हंसाबेन आणि गायला बँकेतली संपदा. पहिल्याच गणेशोत्सवात निवेदकाने आम्हाला महिला भजनी मंडळ म्हणून पुकारले. लोकांनी हात जोडून ऐकले आणि शेवटी प्रसाद मागितला.

मग लग्नाची आमंत्रणे येऊ लागली. आमची गाणी रडकी, पण चाली उडत्या, त्यामुळे शुभकार्यात बिनधास्त खपायची. "अर्थ कौन पूछता है, वैजूबेन? ताल देखो ने!" हे हंसाबेनचे धोरण. ते घोडबंदरच्या एका लग्नात कोसळले. आम्ही झोकात गात होतो, वऱ्हाड ठेका धरत होते, इतक्यात नवरदेवाचे मामा उठले. इंग्रजीचे निवृत्त मास्तर. त्यांनी दुसरा माईक घेतला आणि कोणी सांगितले नसताना ओळीओळीचा अर्थ सांगायला लागले. नवरा दुसरीबरोबर गेला. जाताना घोडा नेला. मुले मात्र ठेवून गेला. वऱ्हाडाचा ठेका तुटला. आशाने ढोलकी पदराखाली घेतली, मी चपला शोधू लागले. (गिटार गळ्यात असली की खाली वाकता येत नाही.) तेवढ्यात वरमाय उठल्या आणि आपल्या यजमानांकडे रोखून बघत म्हणाल्या, "पुन्हा म्हणा गं. आणि दादा, तू अर्थ जरा मोठ्याने सांग."

तिथून आमचे नशीब फिरले. हळदीकुंकू, डोहाळजेवण, काशीमीऱ्याच्या हॉटेलातला महिला दिन, सगळीकडे 'अर्थासकट' अशी मागणी. मी अर्थ सांगायचे, बायका हसायच्या, आणि हसता हसता एखादी उठून उगाचच पाणी प्यायला आत जायची. ती बाहेर येईपर्यंत आम्ही पुढचे गाणे सुरू करत नसू. खांदा दुखत असूनही मी गिटार उचलत राहिले ती त्या बायांसाठी, ताई.

पण आता संपदाचे लग्न ठरले आहे आणि ती मस्कतला चालली आहे. नेमके आत्ताच ठाण्याच्या एका नाट्यगृहातून बोलावणे आले आहे, संक्रांतीनंतरच्या रविवारचे. जिथे लोक जेवायला नाही, ऐकायला येतील, असे हे पहिलेच ठिकाण. गाणारी नसेल तर जायचे कशाला? हंसाबेन तयार आहेत, पण त्या इतक्या आनंदाने गातात की प्रत्येक पळालेला नवरा संध्याकाळपर्यंत घरी येणार असे वाटते. तेव्हा पुरे झाले. आशाच्या सुनेलाही ढोलकीच्या जागी मिक्सर ठेवायचा आहे. मी खरेच थकले गं.

भाऊजींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुझी मावसबहीण,
वैजयंता

ता. क. गिटार नातवाला पाठवतेस का, असे विचारले होतेस. तूर्त नको.

ता. क. नाट्यगृहाला नकार अजून कळवलेला नाही. संपदा जाण्यापूर्वी आठवडाभर रियाजाला बसेल. तुझ्यासाठी खिडकीजवळचा पलंग रिकामा केला आहे.

ता. क. आवाज गेला म्हणून सांगू नकोस. ही गाणी बसलेल्या आवाजातच खरी वाटतात. शिवाय जाहिरातीचे कागद छापून आलेसुद्धा, आणि मुख्य गायिका म्हणून त्यावर तुझेच नाव आहे.