इंद्रवज्रेतले अकरा स्क्रू

सोमवार, ४ तारीख
हिचा लॅपटॉप तापतो, घोंघावतो आणि वीस मिनिटांत बंद पडतो. शुक्रवारी अकराला हिची ऑनलाइन मुलाखत. बारा वर्षांनी पुन्हा नोकरी धरायची म्हणते. दुकानात टाकू या म्हणाली. म्हटलं, धूळ झाडायला कारागीर कशाला? संकल्प : बुधवारपर्यंत लखलखीत.

मंगळवार
तयारी. छोटा स्क्रूड्रायव्हर, हवेच्या फवाऱ्याचा डबा, मऊ ब्रश. ब्रश रंगकामाचा वाटला होता. हिचा, चेहऱ्याचा निघाला. बोलणी खाल्ली.

बुधवार, सकाळ
मशीन बंद केलं, चार्जर काढला. पाठीला अकरा स्क्रू, काही लांब, काही आखूड. लेक म्हणाली, बाबा, फोटो काढून ठेवा. फोटो! लांब तो गुरू, आखूड तो लघू; ओळ चक्क इंद्रवज्रा वृत्तात बसली. संस्कृतात पहिला आलेल्याला फोटो कशाला? लक्षात आहे माझ्या, म्हटलं. सगळे एका वाटीत टाकले.

दुपार
फवारा मारला. आतला पंखा काय गरगरला! लेक म्हणाली, पाती बोटाने धरायची असतात, पंखा बिघडतो. हे आधी सांगायचं असतं.

गुरुवार
जोडणी. इंद्रवज्रा : सात लांब, चार आखूड. वाटीत लांब सहाच, आखूड पाच. कंपनीची कंजुषी, दुसरं काय! जुन्या रेडिओतला एक लांब काढून पहिल्या भोकात बसवला. जरा जोर लागला. काम फत्ते.

संध्याकाळ
सुरू होत नाही. थकला असेल. कीबोर्डचं एक बटण वर आलंय; पूर्वीपासूनच असावं.

शुक्रवार
दहाला दुकानात. दुरुस्तीवाल्याने विचारलं, काका, हा खिळा कोणी ठोकला? इथे आखूड लागतो. थेट बोर्डात घुसलाय. म्हणजे उपेंद्रवज्रा! फरक फक्त पहिल्या अक्षराचा, गुरूऐवजी लघू, हे त्याला नीट समजावलं. त्याने हिच्याकडे पाहिलं, हिने घड्याळाकडे. वर म्हणतो, धूळ पंख्यामागच्या जाळीत जशीच्या तशी आहे. शेवटी त्याने स्वतःचा लॅपटॉप दिला, हिला आतल्या खोलीत बसवलं. मला बाहेर, बाकावर.

मंगळवार, १२ तारीख
नोकरी मिळाली. हट्टी सहकाऱ्याला कसं सांभाळाल, असं विचारलं होतं म्हणे. हिने ताजं उदाहरण दिलं. ते लोक बराच वेळ हसत होते. एकूण, माझे श्रम वाया गेले नाहीत.
लॅपटॉप दुरुस्त होऊन आला. हिने कपाटात कुलपात ठेवलाय. किल्ली कुठे, विचारलं. लक्षात आहे माझ्या, म्हणाली.