लेक तीनदा म्हणाली

आत्याबाई, तुम्ही चुलीवर खापर पालथं घातलं होतं आणि मी मांड्यांचं पीठ तिंबत होते. आखाजीची सकाळ होती. झाडून, सारवून, पाणी भरून झालं होतं, पुरण वाटून ठेवलं होतं, बाहेर निंबाला बांधलेल्या झोक्यावर माहेरी आलेल्या पोरी गाणी म्हणत होत्या. मांडा दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत वाढवायचा आणि फाटायच्या आत खापरावर टाकायचा, एवढंच काम, आणि ते मला येत होतं. तरी मांडा जळाला. धूर आधी तुमच्या नाकात गेला. तुम्ही म्हणालात, "पोरी, हात आठे शे, चित कोठे शे तुन्हं?" मी खरं तेच सांगितलं. मास्तरीणबाईंनी वाचायला दिलेल्या पुस्तकात हातातल्या कामात मन कसं ठेवावं ते लिहिलं होतं, आणि मी ते मनात घोकत होते. तुम्ही काळा मांडा उचलून बाजूला ठेवलात नि म्हणालात, "मंग घोकू नको. ठेव." आणि इतक्या हसलात की पदर तोंडात धरावा लागला. तुमचा मुलगा, माझा नवरा, जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्या दोन वर्षांत घरात पहिल्यांदा कुणी हसलं.

तुम्हाला जाऊन आता अठरा वर्षं झाली. तुम्हाला अक्षर येत नव्हतं, म्हणजे मी लिहिते ते तुम्ही असतात तरी मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. शिवाय मी पुस्तकी बोलीत लिहिते आहे, त्यालाही तुम्ही हसला असतात. पण लेकीबद्दल तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. तुमच्या मांडीवर वाढलेली ती आता धुळ्याला मोठ्या घरात नांदते. माणसं वाईट नाहीत, पण घरात चौदा जणं आणि विहीर लांब. दोन वेळा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पाचव्या महिन्याच्या आत सगळं संपलं. यंदा आखाजीला आली तेव्हा तिला चौथा लागला होता. सण झाला की परत जायचं, सातव्यात ओटी भरून मग माहेरी यायचं, ही आपली रीत. न्यायला कोण येणार, कोणत्या दिवशी येणार, सगळं ठरलेलं होतं.

तिच्यापर्यंत येण्याआधी वाचनाचं सांगते, कारण दोन्ही एकच आहे. अक्षरं मी गुळामिठाच्या पुड्यांवर शिकले, हे तुम्हाला ठाऊक आहे. पुडी सोडायची, कागद मांडीवर सपाट करायचा आणि लावत बसायचं. विधवेच्या हातात पुस्तक दिसायला लागलं तेव्हा शेजारची अक्का ओट्यावरून म्हणाली होती, "कपाळ मोकळं झालं नि पोथ्या सुरू झाल्या का?" तुम्ही आतूनच ओरडलात, "ती वाचस, तुन्हा डोया का दुखतस?" मग अक्का महिनाभर आपल्याकडे ताक मागायला आली नाही, आणि तुम्हालाच करमेना. त्यानंतर दुपारची वेळ तुम्ही मला देऊन टाकलीत. तुम्ही अर्धवट उकललेल्या बोंडांतून कापूस काढत बसायचात आणि मी वाचायची. जागेपणी कसं जगावं, खाताना घासाकडे कसं लक्ष द्यावं, रागाला येताना कसं ओळखावं, असली ती पुस्तकं. तुम्ही ऐकायचात आणि मध्येच म्हणायचात, "हाई माले माहीत शे. पुढं वाच." एकदा मात्र तसं म्हणाला नाहीत. दुःखाला दाराबाहेर उभं करू नये, आत बसू द्यावं, अशा अर्थाचं काही होतं. तुम्ही मला ते परत वाचायला लावलंत. मग बोंड हातात तसंच धरून म्हणालात, "तो गेला तेव्हा चुलीवर दूध होतं. ते उतू गेलं का कुणी उतरवलं, तेवढंच मला आठवत नाही. बाकी सगळं आठवतं." त्या दिवशी पुढं वाचणं झालं नाही. तेव्हापासून ते दुःख घरात आहे, आणि मी भाकरी थापते तेव्हा ते शेजारी असतं. मला त्याचा त्रास होत नाही. भाकरी गरम असताना खाते, सांजेला ओट्यावर बसते, निंबाची सावली भिंतीवर कशी चढते ते बघते. माझं बरं चाललं आहे, आत्याबाई, हे मी कुणाला दाखवायला म्हणत नाही.

आता लेक. आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पुस्तकातलं एक वाक्य वहीत उतरवत होते. ती तांदूळ निवडत म्हणाली, "माय, मी आठेच ऱ्हाऊ का?" मी नुसतं "हं" केलं आणि लिहीत राहिले. दोन दिवसांनी मी तिला एक भाग मोठ्यानं वाचून दाखवत होते. दुसऱ्याचं बोलणं कसं ऐकावं, याच्यावरचाच होता. मध्येच ती म्हणाली, "मी इथंच राहिले तर?" मी म्हणाले, "थांब गं, इथं फार चांगलं लिहिलंय." ती थांबली. जायच्या आदल्या दिवशी, दिवस मावळता मावळता, आम्ही तिची लुगडी बांधत होतो. पुस्तकात सांगितलंय, जे काम करतो त्याचं नाव मनात घ्यावं. म्हणून मी मनात म्हणत होते, घडी घालते आहे, घडी घालते आहे. ती काहीतरी बोलली. मग तिनं लुगड्याचं दुसरं टोक सोडून दिलं. "माय, तू मन्हं आयकी ऱ्हायनी का?"

"ऐकतेय ना."

"मंग काय सांगं मी, बोल?"

मी म्हणाले, मला नाही कळलं, परत सांग. तिनं परत सांगितलं. धुळ्याच्या घरात कुणी तिला उपाशी ठेवत नाही की मारत नाही. पण पहाटे उठून आठ खेपा पाणी आणायचं, आणि नको म्हणायला तिची जीभ उचलत नाही. तिसरं गेलं तर आपण वाचणार नाही, असं तिला वाटतं. एवढं बोलून तिनं स्वतःच लुगडं उचललं आणि घडी घालायला लागली. वर मलाच म्हणाली, "जाऊ दे माय, लोकं नावं ठेवतील. चौथ्यात कुणी लेक ठेवून घेतं का?"

एक गोष्ट मी तिला सांगितलेली नाही, आणि ती फक्त तुम्हाला सांगता येते. मला कळलं नाही, असं मी तिला म्हणाले, ते खोटं होतं. तांदूळ निवडताना ती बोलली तेव्हाच मला कळलं होतं. व्याही काय म्हणतील, विहीणबाई काय म्हणतील, अक्का ओट्यावरून काय विचारेल, हे सगळं त्याच क्षणी माझ्या डोळ्यांपुढं आलं, आणि मी मान वर केली नाही. जागं राहायला शिकवणारं पुस्तक मी झोपेचं सोंग घ्यायला वापरलं. इतकी वर्षं वाचून मला हे करता आलं. हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणूनच लिहवलं.

दुसऱ्या दिवशी तिचे थोरले दीर धुळ्याच्या मोटारीनं आले. मी त्यांना पोटभर जेवू घातलं, लेक बाळंतपण होईपर्यंत माझ्याकडे राहील असं सांगितलं, आणि दुपारच्या मोटारीत त्यांना एकट्याला बसवून आले.