शनिवारच्या पार्लरबद्दल आत्याला

ती. आत्यास,

शिरसाष्टांग नमस्कार. (शिर सध्या पाहण्यासारखं राहिलेलं नाही, तरी टेकवते.) तुझे गुडघे कसे आहेत? इकडे सगळं ठीक. मी नुसती शिंकले तरी बाबा अजून "अगदी माझ्या बहिणीवर गेलीय" म्हणतात.

तू विचारलंस, शाळेतून निवृत्त होताना फोटो काढणार आहेत, तर माझ्यासारखे केस सरळ करून घेऊ का, शनिवारची पार्लरची वेळ घेतली आहे. प्रश्न एका ओळीचा आहे, पण उत्तरही एका ओळीत दिलं तर मी आपल्या घरातली कसली?

आमच्या छापखान्यात काउंटरप्रमुखाची जागा रिकामी झाली होती. बारा वर्षं घासल्यावर ती मलाच मिळायला हवी होती. मालक सहज म्हणाले, मोठी गिऱ्हाइकं येतात, जरा नीटनेटकं राहावं. (हे बोलताना ते माझ्या डोळ्यांच्या चार बोटं वर बघत होते.) झालं, रविवारी पार्लरमध्ये जाऊन बसले. पार्लरवालीने केसांत हात घातला आणि मदतीला दुसरीला हाक मारली. पाच तास उग्र वासाचं काहीतरी थापून दोघींनी इस्त्री फिरवली. वर ताकीद, तीन दिवस धुवायचे नाहीत, बांधायचे नाहीत, कानामागेसुद्धा घ्यायचे नाहीत. पण आत्या, खोटं कशाला बोलू, आरशात बघून मला रडू आलं, इतकी मी बरी दिसत होते.

आता आमचे मशीनमनकाका. छपाईच्या खोलीत हवेतला ओलावा दाखवणारा काटा आहे, पण मी लागल्यापासून तो एकाच आकड्यावर ठाण मांडून बसला आहे. काका रोज सकाळी काचेतून माझ्याकडे बघून मान डोलवायचे. मी बारा वर्षं त्याला नमस्कार समजून उलट मान डोलवत आले.

सोमवारी हवा अशी होती की डब्यातली बिस्किटं मऊ पडावीत. काकांनी काचेतून माझं चपटं डोकं पाहिलं आणि कागदाचे सगळे गठ्ठे फोडून टाकले. चार रंग एकावर एक छापायचे, तर उघडा पडलेला कागद ओलावा पिऊन मधेच फुगला. काम होतं दंतवैद्यांच्या कॅलेंडरचं. हसऱ्या बाईचे दात ओठ सोडून हनुवटीवर आले. अशी तीन हजार कॅलेंडरं.

मालक तापले. काकांनी शांतपणे माझ्याकडे बोट दाखवलं.

"साहेब, ह्यांचे केस आज बसलेले होते."

तू हेच सांगत आलीस ना, की आपले केस कोरडे, तहानलेले, हवेतलं पाणी प्यायला उठून उभे राहतात. म्हणून ओले असतानाच बोटांनी सोडवायचे, टॉवेलने खसाखसा न पुसता जुन्या सुती कापडात गुंडाळायचे, टोकांना दोन थेंब तेल लावायचं आणि सुकेपर्यंत हात लावायचा नाही. मी 'हो हो' म्हणून टॉवेल घेऊन तुटून पडायचे. काकांना न शिकवता कळलं, मला कळायला तीन हजार बायकांचे दात हलावे लागले.

जागा मला मिळाली. मालकांनी नवा काटाही बसवला, पण काकांचा त्याच्यावर विश्वास नाही. ते काउंटरवर येतात, चष्मा लावून माझ्या मुळाशी उगवलेले दोन बोटं कुरळे केस तपासतात आणि मगच गठ्ठे फोडतात. गिऱ्हाइकांना वाटतं, मला काहीतरी झालंय.

तुझी (बाबांच्या मते तर तुझीच)
भाची

ता. क. तुझा तो रुंद दातांचा लाकडी कंगवा, ज्याला मी दाताळं म्हणायचे, तो पाठव. मुकाट्याने वापरीन.

ता. क. कंगवा हे निमित्त. शनिवारची वेळ रद्द कर. मी दहा वर्षांची असताना घरच्या फोटोत तुझ्या शेजारून उठून आईच्या पलीकडे गेले आणि सगळ्यांदेखत म्हणाले की मला आत्यासारखं दिसायचं नाही. तू हसलीस. त्यानंतरच्या प्रत्येक फोटोत तुझ्या डोक्याला रुमाल आहे. मला ते तेव्हाही दिसत होतं. चुकलं माझं, आत्या.

ता. क. समारंभाला मी येते आहे आणि तुझ्या शेजारीच उभी राहणार आहे. फोटोवाल्याला चार पावलं मागे सरकायला सांगून ठेव. माझे केस अजून निम्मेच फुलतात, उरलेली जागा तू भरून काढ.