साफ केलेला फोटो

सोमवार, ९ सप्टेंबर

समोरच्या इमारतीतली चिऊ गेली. सहा वर्षांची! बापानेच मारलं. आईवेगळी पोर. घड्याळं दुरुस्त करणारा तो हसरा, हळू बोलणारा माणूस— पोलिसांनी नेला तेव्हा एकाच पायात चप्पल होती.

जिन्यात अख्खी गल्ली. मी ओरडलो, "आत्ता रडताय? इतके दिवस कानांत बोळे घातले होते का?" आईने दंडाला धरून घरी आणलं. "स्वतःचं कॉलेज धड पुरं केलं नाहीस, आणि चाललास लोकांना शिकवायला!"

डोकं फिरलंय. त्या माणसाशी मी रोज थट्टामस्करी करायचो.

मंगळवार, १०

फोटोच्या दुकानात ती आली. चिऊच्या वर्गाच्या बाई. शुक्रवारच्या शोकसभेसाठी चिऊचा मोठा फोटो हवाय. डोळे सुजलेले. आणि माझं काळीज— लाज वाटते लिहायला— तिला बघून नेहमीसारखंच उड्या मारायला लागलं. असा कसा मी?

"शाळेच्या ओळखपत्राचा फोटो तुमच्याकडेच काढला होता ना? तोच मोठा करा. त्यात हसतेय ती."

हो, मीच काढला होता.

बुधवार, ११

फोटो सापडला. एक नाही, दोन. आमच्याकडे पद्धतच आहे— मूळ फोटो ठेवून द्यायचा, दुसऱ्यावर काम करायचं. मालकांचा नियम: पुरळ, डाग, व्रण, काही दिसता कामा नये.

मूळ फोटोत चिऊच्या डाव्या डोळ्याखाली हिरवं-निळं. गालावर चार बोटं.

दुसऱ्यात काही नाही. लोण्यासारखा गाल.

आठवलं. बाप म्हणाला होता, "घसरगुंडीवरून पडली हो. शाळेत द्यायचाय, जरा साफ करा." मी म्हणालो, "साफ काय, हिरॉइन करून टाकतो!" चिऊने आधी बापाकडे पाहिलं. मग हसली.

मला कसं दिसलं नाही? दिसलं तर होतंच! दहा मिनिटं मोठं करकरून पुसत होतो.

आज साफ केलेलाच छापला. दुसरं काय छापणार?

गुरुवार, १२

बाप म्हणतोय म्हणे— एकदाच हात उठला, तोही चुकून. पोलिसांकडे जुना पुरावा काहीच नाही.

माझ्याकडे आहे. दिला, तर डाग कुणी पुसले ते तिला कळणार. माझं तोंडही बघणार नाही ती. नाही दिला, तर तो सुटेल?

मालकांना सांगितलं. "आपण फोटोवाले, डॉक्टर नाही. गप बस."

त्यांना मारावंसं वाटलं. मग वाटलं, सुरुवात स्वतःपासून का नाही?

शुक्रवार, १३

सभा. शाळेच्या पटांगणात मी छापलेला फोटो, पुरुषभर उंच. जो तो म्हणतोय, "किती गोड हसतेय! कुणाला कळणार हो?" कोपऱ्यावरचा न्हावी हमसून हमसून रडला. ती माझ्या शेजारी उभी होती. हळूच म्हणाली, "छान केलात फोटो."



शनिवार, १४

सकाळी मूळ फोटो पोलिसांना दिला. जबाबही दिला. तिथून थेट शाळेत. दोन्ही फोटो तिच्यासमोर ठेवले, सगळं सांगितलं. वाटलं, थोबाडीत देईल. द्यायला हवी होती!

ती मूळ फोटोकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मला दिसलं होतं ते खरं होतं."

रविवार, १५

तिने तेव्हाच तक्रार केली होती. मोठ्या बाईंनी नवंकोरं ओळखपत्र तिच्यापुढे टाकलं— "परवाच काढलाय फोटो. दाखव, कुठे आहे डाग?"