सुतकातलं पळणं

तात्या, तुमची पणती पळतीय. कुणाच्या मागं न्हाय, आन कुणी मागं लागलंय म्हणून बी न्हाय. सकाळी उठून नुसती पळतीय. हे तुमाला सांगायला बसले, कारण बाकी सगळ्यांस्नी सांगून झालंय. डेअरीवर सांगितलं, किराणा दुकानात सांगितलं. इंदापूरच्या एसटीत शेजारी एक अनोळखी बाई बसली होती, तिला बी सांगितलं. ती लासुर्ण्याला उतरताना म्हणली, "मावशी, तुमच्या नातीला डोळ्यांनी बघितल्यागत झालं मला." म्हंजी तिचे कान किटले होते, मला काय कळत न्हाय व्हय. आता उरलात तुमी एकटे, वर गेलेला माझा बाप. तुमाला माझं अक्षर वाचता यायचं न्हाय म्हणा. तुमाला कुणाचंच यायचं न्हाय. माझी तरी शाळा किती, तिसरी, ती बी निम्मी. दिवाळी झाली की तुमी मेंढरं घिऊन कोकणाकडं निघायचा आन माझी पाटी भिंतीला टेकून तितंच ऱ्हायची. म्हणून मी हळू लिहिते. दोन ओळी झाल्या की अंगठा दुखतो, मंग चूल सारखी करते, परत बसते. आता दुपार हाय, सून रानात गेलीय, घरात मी आन मांजर.

पळणं म्हणलं की मला पैलं तुमीच दिसता. तुमी कधी पळाला न्हाईत, पण तुमचं चालणं असं होतं की आमाला पळावं लागायचं. त्या वर्सी घाटाच्या अलीकडं मी रस्त्यात फतकल मारून बसले. पाय फुटलेत, ऊन तापलंय, मी म्हणतीय, मला आता न्हाय चालायचं. आई घोड्यावरचं बिऱ्हाड सावरत पुढं गेलीय. तुमी मागं वळता, माझ्याकडं बघता आन म्हणता, "बस. पोटभर बस. मेंढरं काय थांबायची न्हाईत. उठलीस की खुरांच्या मागावनं ये." आन खरंच जाता. मी रडते, कुणी बघत न्हाय म्हणल्यावर रडायचं थांबते, आन मंग उठून अशी पळते की धूळ दिसंपर्यंत दम घेत न्हाय. रात्री तळावर तुमी गाठोड्यातनं टायरच्या वहाणा काढून माझ्या पुढ्यात टाकल्या. बारामतीच्या बाजारात आधीच घेतल्या होत्या, ते मला आईनं मागनं सांगितलं. जवळ होत्या तर सकाळीच का दिल्या न्हाईत, हे मी तुमाला कधी इचारलं न्हाय. आता इचारून तुमी काय सांगणार. तुमी तवा बी सांगितलं नसतं.

तर पोरगी. माझ्या धाकट्याची ही एकुलती. कॉलेजचं पैलं वर्स, पणदऱ्यावरनं एसटीनं बारामतीला जायची. गुणाची हाय, पण हातात घेतलेलं तडीला न्यायची सवय न्हाय. कराटे लावलं, सोडलं. शिवणक्लास लावला, ब्लाउजचा एक हात शिवून सोडला, त्या एका हाताचं फडकं आजून माझ्याकडं हाय, चष्मा पुसायला. टायपिंग बी सोडलं. आन थंडीची सुट्टी लागली तशी म्हणली, बारामतीत पोलीस भरतीची अकॅडमी हाय, तितंच ऱ्हायचं, सराव करायचा, मला जायचंय. माझा लेक गाईंपुढं पेंड टाकत होता. मान वर न करता म्हणला, "तितं किती दिवसांनी सोडायचा इचार हाय?" मंग त्यानंच तोडगा काढला. "सुट्टी हाय न्हवं? रोज पळून दाखव. सुट्टीभर. एक दिवस चुकला तर अकॅडमीचं नाव ह्या घरात काढायचं न्हाय. मंग जे स्थळ येईल ते बघायचं." पोरगी म्हणली, "आन न्हाय चुकला तर?" तो म्हणला, "तर मी सोताच्या हातानं पोचवून येतो." त्याला वाटलं, चार दिवसात इषय संपला.

आता एकटी पोर अंधारात कशी सोडायची. हितं कॅनॉलच्या दोन्ही अंगाला ऊस उभा, उसात बिबट्या, आन रस्त्याला कारखान्याला निघालेले दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर. लेकाला धारा, सुनंला चूल. ऱ्हायलं कोण? मी. हातात काठी, बॅटरी, डोक्याला कानटोपी, त्याच्यावर पदर, लेकाचा जुना स्वेटर. ती पळत पुलापर्यंत जायची, मी मागनं चालत निम्म्यात पोचायची, तवर ती परत फिरलेली असायची. बिबट्या आला असता तर पैली मीच गावले असते, पण ते कुणी बोललं न्हाय.

पैल्याच दिवशी डेअरीवर बायका बोलायला लागल्या. वयात आलेली पोर, पँट घालून, पहाटेची रस्त्यानं पळती, काय हे. माझी जाऊ तर म्हणली, "काय गं, कुणाबरं पळून जायचा सराव चाललाय का?" सगळ्या हसल्या. सून मान खाली घालून दूध मापात वतत होती. मला तिचं तोंड बघवलं न्हाय आन माझ्या तोंडातनं निघालं, "नेम धरलाय पोरीनं. बिरोबाचा." झालं. नेम म्हणल्यावर सगळ्यांची तोंडं बंद. दुसऱ्या दिवशीपासनं तर काय इचारू नका. जाऊबाई सोता दारात उभी राहून पोरीला कुकू लावायला लागली. एक म्हातारी म्हणली, माझा गुडघा बी घाल गं तुझ्या नेमात. एकीनं नारळ आणून दिला. पोरगी घरी येऊन मला म्हणली, "आज्जे, तू काय सांगून बसलीस लोकांस्नी? मला आता थांबायची बी चोरी." मी म्हणलं, "तेच तर पायजे."

पण तात्या, मी दमले. खरं सांगते, ह्या वर्सी थंडी हाडात शिरली. पहाटं पाय जमिनीला टेकवायचं म्हणलं तरी आधी गुडघ्याला हात जोडायला लागायचं. वाटत व्हतं, ही तरणी हाय, हिनं जग जिंकावं, माझं काय अडलंय? मंग ती अंधारात येऊन माझ्या पायात मोजे घालायची आन मी उठायची. ऊसतोडीच्या गाड्या त्याच वक्ताला रानात निघायच्या. गाडीत बसलेली एक तोडकरीण मला रोज बघायची. एकदा म्हणली, "आज्जी, पोरगी हातची सुटली की वं तुमच्या." मी म्हणलं, "सुटू दे, भाकरीला घरीच येती." तवापासनं ती गाडीवानाला बैल हळू घ्यायला लावायची, आमी कडंला हुईपर्यंत. पोरगी सुरवातीला पुलाच्या अलीकडं वाकून उभी ऱ्हायची, घशातनं आवाज यायचा. नंतर नंतर पूल गाठून यायची आन माझ्याभवती गोल फिरत पळायची, वासरागत. मला तवा काय वाटायचं ते लिहायला मला शब्द यायचे न्हाईत. मी नुसती म्हणायची, "सरळ पळ, मला चक्कर येती."

सुट्टी सरत आली आन पहाटं वरच्या वस्तीवरचे माझे चुलत सासरे गेले. पिकलं पान होतं, लई रडायसारखं न्हव्हतं, पण भावकी म्हणल्यावर सगळे गोळा झाले. त्यांची लेक सोलापूरकडनं यायची होती, म्हणून मयत दुपारपर्यंत ठेवायचं ठरलं. कॅनॉलचा रस्ता त्यांच्याच दारावरनं जातो. पोरगी बूट घालून उभी, लेक डेअरीवरनं आला. म्हणला, "बूट काढ." ती म्हणली, "पण बाबा, आज—" तो म्हणला, "भावकीत सुतक पडलंय. सुतकात नेम चालत न्हाय. कुणालाबी इचार. आज्जीला इचार." आन माझ्याकडं बघितलं. त्याच्या नजरंत वाईट काय न्हव्हतं. तो खराच तसा इचार करत होता. नेम म्हंजी देवाचा, आन सुतकात देवाचं काय करत न्हाईत, हे त्याला मीच तर शिकवलं. जाऊबाई बी म्हणली, "व्हय गं बाई, बिरोबाचा कोप नको. सुतक फिटलं की धर परत." सुतक फिटंपर्यंत सुट्टी संपत होती. मी सोताच्या हातानं पोरीच्या पायात दावं बांधलं होतं, तात्या, आन गाठ बी देवाची मारून ठिवलेली.

तवा मला तुमी आठवला. आज्जी, तुमची आई, गेली तवा मी लहान होते. माती झाली, लोक नदीवर आंघोळ करून परतले, आन तुमी ओल्या धोतरानं तसंच जाऊन मेंढरांभवतीची जाळी, वाघर, सोडली, मेंढरं रानात काढली. कुणी तरी म्हणलं, सुतकात? तुमी म्हणला, "सुतक मला हाय. मेंढरांस्नी भूक हाय." मला ते तवा लई कठोर वाटलं होतं.

मी सगळ्यांच्या देखत म्हणलं, "नेम न्हाय त्यो. बिरोबाचा बी न्हाय. तुमची तोंडं बंद करायला मी बोलले, बिरोबा माझं मी बघून घिईन." जाऊबाई म्हणली, "आगं, मी रोज कुकू लावत होते की!" मी म्हणलं, "लावलेलं काय वाया जात न्हाय." मंग लेकाला म्हणलं, "आज धारा काढल्यास का न्हाय?" तो म्हणला, "काढल्या." "दूध डेअरीला घातलंस का?" "घातलं. गाईंस्नी काय कळतंय, आये? त्यांची कास तटतीय." मी म्हणलं, "मंग हे बी तसंच हाय. हे हिचं काम हाय. कामाला सुतक कसलं?" त्यानं पोरीच्या बुटांकडं बघितलं आन म्हणला, "मयताच्या दारावरनं माझी पोर पळणार न्हाय. एवढं मी सांगतो. बाकी तुमचं तुमी बघा." ते त्याचं खरं होतं. तेवढी लाज मला बी हाय.

माती झाली, आंघोळी झाल्या. आमी दोघी मागच्या रानात गेलो तवा दिवस मावळायला टेकला होता. विहिरीपासनं बांधापर्यंत आमची गाडीवाट हाय, एका अंगाला ऊस तुटलाय, एका अंगाला उभा. पुलाएवढं अंतर व्हायला तिला तितंच लई खेपा घालायला लागणार होत्या. मोबाईलात ती ते मोजती. ढेकळातनं पळायचं, पाय मुरगाळंल म्हणून मी बॅटरी धरून तिच्याबरं पळायला लागले. पळायला म्हंजी काय, पदर खोचला आन तुरुतुरु. एक खेप पळाले, दुसऱ्या खेपंला बांधावर बसले. उसात काय तरी खसफसलं, मी काठी आपटली. तवा विहिरीवर मोटरसायकलचा उजेड आला. लेक. गाडीचं तोंड त्यानं वाटंकडं केलं, दिवा चालू ठिवला आन इचारलं, "किती ऱ्हायलं?" पोरगी धापा टाकत म्हणली, "निम्मं." तो म्हणला, "पळ. मी हाय हितं." मंग मला म्हणला, "आये, तू बस की आता. तुला बी अकॅडमीत घालायचंय का?"

त्यानं पुढं कधी हो म्हणलं न्हाय. सुट्टीचा शेवटचा दिवस झाला तवा माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली, धुतली आन उन्हात उपडी घातली. आमी काय समजायचं ते समजलो. सून पेटीकडं बघून रडली आन मंग लाडू वळायला बसली. लेकच पोचवून आला बारामतीला. पोरगी फोन करती. म्हणती, तितं शंभर पोरी हायत आन सगळ्या माझ्यापेक्षा जोरात पळत्यात. मी म्हणते, पळू दे. तू सोडू नको म्हंजी झालं. फोन ठेवला की मी परत कुणाला तरी सांगायला जाते.

सकाळी मला आता उठायचं काम न्हाय. तरी जाग येती. गाड्या जात्यात रस्त्यानं, बैलांची घुंगरं वाजत्यात, मी पडून ऐकते. गुडघ्याला बरं हाय. घर मातर लई मोठं वाटतंय, तात्या. लेकानं हौसंनं बांधलं, स्लॅबचं, पर तीन माणसं ती काय. मला लई थकल्यागत वाटतं, काम काय बी केलेलं नसतं.

ह्यो कागद कुठं टाकायचा न्हाय. पोस्टाला काय पत्ता सांगू. उंद्या पाणी तापवायला बंबात घालीन, म्हणून एक सांगते. त्या दिवशी माती झाल्यावर आंघोळ करून मी अंगणात बसले होते, केस पाठीवर सोडून. पोरगी दारात बूट हातात धरून उभी. म्हणली, "आज्जे, अंधार पडंल." मी म्हणलं, "केस ओलं हायत, वाळू दे, थंडी बाधंल मला." ती तशीच उभी ऱ्हायली. मी ऊन बांधावरनं उतरताना बघत होते आन मनात म्हणत होते, पडू दे अंधार. आज एवढा एक दिवस चुकू दे. मंग पोर हितंच ऱ्हाईल, पहाटं येऊन मला मोजे घालील. सगळ्यांशी भांडून झालं होतं माझं, आन तरी मी असं म्हणत बसले होते. मंग उठले. पर केस कवाच वाळले होते.