बारा तलंगांतले आठ कोंबडे

१६ ऑगस्ट १९८२, सोमवार. निलंगा.
लातूर जिल्हा झाला. चौकात पेढे. लोकांना वाटतंय, जिल्हा झाला म्हणजे उद्यापासून पाऊस पडणार. अडाणी.
सकाळी खुराड्यातून विचित्र आवाज. सिंधु म्हणाली, तुमची तलंग आरवली. मी तिला समजावलं, हा घशाचा विकार. मे महिन्यात तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या, म्हणून बारा पिल्लं मी स्वतः एकेक पारखून आणली, सगळ्या माद्या. बत्तीस वर्षं शाळा चालवली, नर-मादी मला कळते. ती खुराडं झाडायला लागली. चौथी पास बायको, तिला काय कळणार.

१९ ऑगस्ट. पोळा.
घशाचा विकार पसरला. आता आठ जणांना.

२१ ऑगस्ट.
मान्य. आठ नर, चार माद्या. दोष विकणाऱ्याचा. शिवाय पिल्लंच लबाड, तुरे उशिरा काढले.
सिंधु म्हणते, माद्यांच्या पाठी नरांच्या नखांनी सोलवटून निघाल्यात, एक ठेवा, बाकीचे लवकर कमी करा. लवकर! मी विचार करून निर्णय घेतला : सात कापायचे. माझ्या हातानं. खाटकाकडे जाणं म्हणजे परावलंबन.
उद्या गणपती बसतात. दहा दिवस थांबणं आलं. मी देवभोळा नाही, पण गावाचं मन राखावं लागतं.

२ सप्टेंबर.
गणपती गेले. सुरीला धार लावली. उत्तम धार. पण परवापासून पितृपक्ष. वडिलांचा विचार करावा लागतो.

५ सप्टेंबर, रविवार. शिक्षक दिन.
एकही विद्यार्थी आला नाही. शेजारचा माणिकप्पा आला. किराणा दुकान, कपाळभर विभूती. म्हणाला, मास्तर, सकाळी इष्टलिंग हातात घेऊन पूजेला बसावं तर तुमचे आठजण एकदम चालू व्हायलेत. मी म्हटलं, निसर्गाचा आवाज आहे. तर म्हणे, निसर्गाला आठ कशाला लागतात? एक बस की!
वर म्हणे, भिंतीला भिंत हाय, रक्त नको बघा, कुणाला तरी देऊन टाका. देऊन टाका! चिमूटभर मीठ जास्त जाऊ न देणारा माणूस हे सांगतो.

१० सप्टेंबर.
मोठी योजना. नव्या जिल्ह्यात पशुसंवर्धनाचे नवे साहेब येणार. सर्वोत्तम कोंबडा नमुना म्हणून दाखवायचा, जमल्यास सातही खपवायचे, जिल्ह्याला चार गोष्टी शिकवायच्या. सकाळच्या एसटीनं लातूरला निघालो. कोंबडा पिशवीत.
लामजन्याच्या पुढं त्यानं पिशवीतून मान काढली आणि पुढच्या सीटवरच्या बाईचा अंबाडा धरला. बाई किंचाळली, ड्रायव्हरनं ब्रेक मारला. कंडक्टरनं आम्हा दोघांना औशाला उतरवलं. जिल्हा नवा, कंडक्टर जुनेच.
परतीच्या गाडीत तो शांत होता. त्याला खिडकी हवी होती.

१९ सप्टेंबर.
पितृपक्ष संपला आणि अधिक महिना लागला! आता महिनाभर हात लावता येत नाही. पंचांग माझ्या हातात नाही.
सिंधु म्हणाली, टँकर दोन दिवसाआड येतोय, मी डोक्यावर घागरी आणायल्ये, अन् हे आठ अर्धी घागर संपवायलेत. त्यांना अधिक म्हईना ठावं हाय का? बायकांना शास्त्र कळत नाही.

२३ सप्टेंबर.
तिघं मिळून जांभळीवर तुटून पडले. सिंधुची लाडकी कोंबडी, चौघींतली पहिली अंड्यावर आलेली. एक डोळा गेला. सिंधुनं हळद लावली, पदरात घेऊन बसली. स्वयंपाक नाही. मला एकच वाक्य : तुमचा म्हईना सरस्तोर ही जगायची न्हाई.
अधिक महिना तूर्त बाजूला. उद्या काम तमाम.

२४ सप्टेंबर, दुपारी ३.
सर्वांत माजलेला पांढरा पकडला. मांडीत दाबून धरला. वाटलं, झटापट करील. तो डोळे मिटून बसला. छाती भलतीच गरम असते यांची. आतलं धडधडणं हाताला लागत होतं.
पाच मिनिटं गेली. दहा.
सोडला.
सुरीची मूठ सैल आहे. दुरुस्त करून घेणे.

२५ सप्टेंबर.
वाचनालयातून आलो तर अंगण गप्प. एक कोंबडा, चार कोंबड्या. सिंधु भाकरी थापत होती.
विचारलं. म्हणाली, पाय बांधून टँकरच्या लायनीत नेले. तिथं कुणाच्या कोंबड्या हायत तर नर न्हाई, कुणाच्या घरी पाव्हणे येनार. माझा नंबर लागायच्या आत सात गेले. एवढंच सांगितलं, कापायचं तर आपापल्या घरी.
चाळीस दिवस मी सर्व बाजूंनी विचार केला, म्हणून तिला हे इतकं सोपं गेलं. जांभळी मान वाकडी करून दाणे टिपत होती. एका डोळ्यानं माझ्याकडे बघितल्यासारखं केलं. कोंबडीला काय कळतं.

२६ सप्टेंबर, रविवार.
पांढरा कोपऱ्यावरच्या नागुबाईकडे गेलाय. म्हटलं, तिला निगा राखायचं शास्त्र सांगावं. या बायका काहीही खायला घालतात. तिच्या अंगणात पाय ठेवला, तोच ती ओरडली, मास्तर, हो की बाजूला, किती मधी मधी करतूस!
मी चटकन बाजूला झालो. ती कोंबड्याला म्हणत होती.
मला बघून पदर तोंडाला लावला. म्हणाली, लेकीनं ठिवलंय नाव, राग मानू नका. राग कसला? गावानं मास्तरांची आठवण अशी जपावी, बरंच वाटलं. सहज विचारलं, हेच नाव का?
खाली बघत म्हणाली, दिसभर वरडतंय, अन् करत काईच न्हाई.
घरी आलो. सिंधुला सांगितलं. ती हसली नाही, नवलही केलं नाही.
म्हणजे तिला आधीच ठाऊक होतं.