तिसरा थर

मंगळवार, ९ डिसेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीचा गुडघा कसा आहे? जिना चढू लागली म्हणे. आपली खुशाली एकमेकांना आईकडूनच कळते, आणि ती मीठमसाला लावल्याशिवाय सांगत नाही, म्हणून आज थेट लिहितेय. अक्षर अजून गिचमिडच आहे, सांभाळून घे.

आपली प्रयोगशाळाही अजून तशीच गारठलेली. गेल्या सोमवारी फनेल कोमट ठेवणारी गरम पाण्याची टाकी बंद पडली. अणुभट्टीत वापरलेल्या इंधनातला युरेनियमचा क्षार आम्लातून तेलात ओढून घ्यायची आपली नेहमीची चाचणी चालू होती. थर वेगळे करायच्या त्या काचेच्या फनेलमध्ये खाली आम्ल आणि वर तेल, एवढंच दिसायला हवं. पण तेलाचेच दोन थर झाले होते. मधला जड, गडद पिवळा. थंडीत तेलाला एवढा क्षार पेलवला नव्हता.

मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले आणि साहेबांना हाक मारली.

सात वर्षांपूर्वी तू हेच पाहिलं होतंस. तू साहेबांना बोलवायला गेलास. टाकी चालू करायला मी विसरले होते रे. नोकरीला जेमतेम दोन महिने झालेले, पायाखालची वाळू सरकली. तुझी पाठ वळताच मी फनेल कोमट पाण्यात धरलं. मिनिटभरात तो थर तेलात मिसळून गेला. साहेब आले, त्यांना दोनच थर दिसले. "सकाळी सकाळी दोनाचे तीन दिसायला लागले का?" म्हणाले. सगळे हसले. मीही हसले.

मग तुला 'तीनथरे' नाव पडलं, वर्षभरात तू नोकरी सोडून रंगाच्या दुकानात गेलास, आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. तू माझ्याशी बोलणं टाकलंस ते मी हसले म्हणून. त्याहून मोठं कारण तुला माहीतच नव्हतं. मला फार लाज वाटते, दादा.

काल साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. मग जुनी नोंदवही मागवली. तुझ्या तीन थरांच्या नोंदीवर त्यांनीच तेव्हा मारलेली काट होती. तिच्या शेजारी 'नोंद बरोबर होती' असं लिहून त्यांनी सही केली. नंतर माझी चांगली खरडपट्टी काढली. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

तुझी जागा अजून रिकामी आहे. परत येशील का, असं साहेबांनी विचारलंय. मला माफ करशील का, असं मी विचारतेय. पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणालास तरी चालेल, पण ये.

तुझ्यामागे लपलेली आणि आता समोर येऊ पाहणारी,
धाकटी